खिळा न मारलेल्या घरातली चूल

जानेवारीतला दुसरा सोमवार, भूकंपाला चार वर्षं होऊन गेलेली. वेळ सकाळी साडेआठ. ठिकाण किल्लारीच्या बाजूचं, नव्यानं वसवलेलं एक गाव; तिसरी ओळ, शेवटून दुसरं घर. हजर: मी, चुली बांधणारी आक्का, घरची बाई, तिची दहावीतली मुलगी. घरधनी दारापर्यंत आले, "बघा काय बघायचं ते," म्हणाले आणि बैलांकडे गेले, म्हणून त्यांना अर्धे हजर धरलंय. जीपचा ड्रायव्हर जीपमध्ये झोपला होता. तो गैरहजर.

माझ्या त्या वर्षीच्या वहीत हे असंच लिहिलेलं आहे. कुठं गेले, कोण भेटलं, काय ठरलं, काय राहिलं, एवढं लिहिल्याशिवाय माझा दिवस मिटत नाही. घरचे हसतात. हसू देत.

मी नांदेडची. नोकरी कंधारला, तालुक्याच्या कार्यालयात. त्या हिवाळ्यात मला काही महिन्यांसाठी लातूरकडे पाठवलं, निर्धूर चुलींच्या तपासणीला. सरकारचं म्हणणं सरळ होतं. खेड्यातली बाई जन्मभर धुरात बसून भाकरी करते, त्यानं तिचे डोळे जातात, छाती जाते. तर घरातली हवा चांगली करायची असेल तर धुराला बाहेरची वाट करून द्यावी. म्हणून मातीची चूल, पुढे जाळाचं तोंड, मागे दुसरं भांडं ठेवायला वैल, वैलाच्या पाठीमागून वर जाणारा सिमेंटचा पाईप आणि पाईपवर टोपी. गावोगावच्या बायकांना शिकवून त्यांच्याकडून या चुली बांधून घेतल्या होत्या. मी घरोघर जाऊन छापील तक्ता भरायचा. चूल आहे का. पाईप आहे का. टोपी आहे का. स्वयंपाकघरात धूर आहे का.

ज्या जीपमधून आम्ही धूर तपासत हिंडत होतो ती चढावर एवढा काळा धूर सोडायची, की मागं बसलेल्यांना नाकाला पदर लावावा लागे. तिच्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता.

पहिले पंधरा दिवस माझे तक्ते सुंदर निघाले. चूल आहे, पाईप आहे, टोपी आहे, धूर नाही. स्वयंपाकघरं लख्ख. एका घरात तर चुलीवर रांगोळीची पांढरी बोटं उठवलेली होती. मी खुशीत बरोबरच्या खुणा करत सुटले होते. पण मला एक खोड आहे. सगळ्या रकान्यांत एकच उत्तर आलं, की मला चैन पडत नाही. वापरातल्या चुलीच्या कपाळावर काजळी येतेच. इतक्या गावांतली एकही चूल काळी कशी नाही?

त्या सोमवारी त्या घरात चुलीवर पुस्तकं होती. बीजगणित, विज्ञान, वर्तमानपत्राची कव्हरं घातलेली, वैलावर नीट रचलेली. मी पाईपकडे नजर वर नेली. पाईप सरळ वर जात होता आणि छताच्या वीतभर खाली संपत होता. डोक्यावर टोपी घालून, खोलीतल्या खोलीत.

"आक्का, हे काय?"

आक्का पन्नाशीची, त्याच गावातली. हाताला कायम माती. अजिबात गांगरली नाही. "मॅडम, तुमच्या कागदात पाईप हाय का इचारलंय. हाय. टोपी हाय का इचारलंय. ती बी हाय. पाईप कुठवर जातो, हे कुठं इचारलंय?"

"अहो, पण धूर जाणार कुठं?"

"कुठं जानार? घरातच ऱ्हानार. मनून तर कुणी पेटवत न्हाई."

घरची बाई पदर सावरत पुढं आली. मी तिला वहिनी म्हणत असे. ती म्हणाली, "ह्या छताला मी भोक पाडू देणार न्हाई. ते आक्काला आधीच सांगितलंय. आक्काचा काय दोष न्हाई त्याच्यात."

मग मला त्या गावाची गोष्ट कळली. नवी घरं ताब्यात देताना तिथल्या इंजिनिअरनं सगळ्यांना जमवून सांगितलं होतं की हे घर हादरा सोसेल, पण न विचारता त्याला तोडफोड करू नका, भोकं पाडू नका. लोकांनी ते अक्षरशः पाळलं. त्या गावात भिंतीला खिळा नव्हता. मी त्या दिवशी मुद्दाम मोजत फिरले. एकाही घरात नव्हता. कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलेलं, आरसा कोनाड्यात टेकवलेला, लग्नाचा फोटो पलंगावर उशीशी उभा केलेला. एका खात्यानं सांगितलं भोक पाडू नका, दुसऱ्या खात्यानं सांगितलं पाईप बाहेर काढा. बायकांनी दोघांचंही ऐकलं आणि पाईप छताच्या आत थांबवला.

वहिनी स्वतः जुन्या घराच्या माळवदाखाली दुपारपर्यंत अडकून होती. हे तिनं एका वाक्यात सांगितलं आणि लगेच दुसऱ्या वाक्यात चहाचं विचारलं. "ह्या छताखाली झोपायला मला दोन वर्षं लागली, मॅडम. भोक पडलं तर मी परत आंगनात झोपीन."

"मग स्वयंपाक कुठं करता?"

"चला, दाखवते," मुलगी म्हणाली.

घरामागं पत्र्याचं शेड होतं. भूकंपानंतर तात्पुरत्या निवाऱ्याला मिळालेले पत्रे कुणी टाकून दिले नव्हते. प्रत्येक घराच्या मागं त्यांचं असं एक शेड उभं होतं. तीन बाजूंनी बंद, जमिनीवर तीन दगड, शेजारी तुराट्यांची पेंढी. वहिनी भाकरी थापायला बसली. दुसरी भाकरी तव्यावर पडायच्या आत तिला खोकला सुरू झाला. साधा नव्हे. ती उठली, बाहेर जाऊन भिंतीला धरून उभी राहिली, आणि कुणी काही न सांगता मुलगी तिच्या जागेवर बसली. पीठ हातात घेतलं, तुराटी पुढं सारली. हे रोजचं आहे, हे मला तेवढ्यावरून कळलं.

तालुक्याच्या डॉक्टरनं वहिनीला धुरापासून लांब राहायला सांगितलं होतं. ती रोज बसून बघायची, पण तेव्हापासून, म्हणजे मुलीच्या आठवीपासून, दोन्ही वेळची चूल मुलीकडेच. आणि त्या मुलीला जूनमध्ये लातूरला जायचं होतं, अकरावी-बारावी सायन्सला. त्या वर्षी आमच्या जीपमध्ये, एस.टी.त, बाजारात दुसरा विषयच नसे. कुणाचा पोरगा कुठल्या क्लासला, खोली कुठं मिळाली, मेस कशी आहे. तिच्या शाळेतल्या सरांनी सांगितलं होतं, हिला पाठवा. मामानं खोलीही बघून ठेवली होती.

घरधनी बैल बांधून आले तेव्हा मीच विषय काढला. तेही वाईट बोलले नाहीत. "पोरीला शिकवायचं न्हाई, असं मी मनतो का? जाऊ दे की. पन दोन टायमाच्या भाकरीचं काय? हिचं तर हे असं. चार दिस चुलीपुढं बसली तर पाचव्या दिवशी दवाखाना."

मुलीनं तव्यावरची भाकरी उलटली.

तो तक्ता मी तसाच घडी करून ठेवला. ‘स्वयंपाकघरात धूर आहे का’ याचं उत्तर ‘नाही’ हे खरंच होतं. स्वयंपाकघरात चूलच पेटत नव्हती. माझ्या आधीच्या सगळ्या बरोबरच्या खुणा अशाच खऱ्या होत्या.

मी शेडकडे बघत राहिले. मग वहिनीला विचारलं, "ह्या पत्र्याला भोक पाडलं तर चालेल?"

तिनं माझ्याकडे, शहरातल्या माणसाला किती कमी कळतं अशा नजरेनं पाहिलं. "पत्र्याला काय हुतंय! पत्रा पडला तर टेंगूळ येतंय. माणूस मरत न्हाई."

आक्कानं मांडीवर थाप मारली. "आगं, मग हे आधी का न्हाई बोललीस? मी तिथं आत मखर बांधून बसले!"

"तू इचारलंस का? तू मनलीस, कागदात सैपाकघर लिव्हलंय."

तिथून कामाला सुरुवात झाली. आतल्या चुलीचा सिमेंटचा पाईप उतरवला, पण शेडमध्ये तो सरळ बसेना. पाईपला वळण द्यायला पत्र्याचं कोपर लागत होतं. औशाच्या बाजारात पत्र्याचं काम करणारे एक चाचा होते. त्यांच्या दुकानात त्या वर्षी बादल्या कमी आणि पेट्या जास्त: लातूरला शिकायला जाणाऱ्या पोरांच्या पेट्या, कडी-कोयंड्याच्या, झाकणाला आतून निळा रंग. चाचा स्वतः माप घ्यायला आले. शेडभोवती दोन चकरा मारल्या आणि म्हणाले, "मॅडम, माप पाईपचं घेऊ का वाऱ्याचं?"

मला वाटलं गंमत करतात. पण पहिल्या वेळी आम्ही चूल घराच्या भिंतीलगत घातली, पेटवली, सकाळी सगळं छान झालं आणि दुपारी भसकन धूर परत तोंडावर आला. मला आता खरंच उत्सुकता लागली. मी मुलीला वहीचं एक पान आखून दिलं: वेळ, वारा कुठल्या बाजूचा, धूर परत आला की नाही. परीक्षेचा अभ्यास सांभाळून तिनं आठ दिवस ते भरलं, आणि माझ्यापेक्षा चांगलं भरलं. मी न सांगता तिनं चौथा रकाना वाढवला होता: उदबत्ती. पाईपच्या तोंडाशी उदबत्ती धरायची, धूर आत ओढला जातो का बाहेर ढकलला जातो ते बघायचं.

चाचांनी ते पान उलटंसुलटं करून पाहिलं. "बेटा, दुपारी वारा मावळतीकडून यायलाय. घरावर चढतोय आन् तिथून खाली आपटतोय, सरळ आमच्या पाईपावर. चूल भिंतीपासून लांब घ्या, त्या कोपऱ्यात."

"दोनदा बांधू का चूल?" आक्का म्हणाली.

"का, माती इकत आणायलाव का?" चाचांनी विचारलं.

आक्कानं पुन्हा बांधली. या वेळी साचाही बाजूला ठेवला. सरकारी साच्यातल्या चुलीचं तोंड अरुंद, त्यात भाकरी जाळाला उभी करून शेकता येत नाही. बायकांची तक्रार होतीच. आक्कानं तोंड चार बोटं वाढवलं आणि मला बजावलं, "हे लिव्हू नका." मी लिहिलं. वहीत, तक्त्यात नव्हे.

मार्चमध्ये मुलीची परीक्षा झाली. एप्रिलमध्ये घरधन्यांनी अट घातली. "महिनाभर हिनं एकटीनं चूल सांभाळून दाखवावी. पोरीनं हात लावायचा न्हाई. जमलं तर जूनला पेटी भरा." ही अट मला पटली. मी असते तर हेच म्हटलं असतं.

पंधरा दिवस गेले आणि ड्रायव्हरबरोबर निरोप आला की चूल बिघडली.

मी आणि आक्का पोचलो तेव्हा शेड धुरानं भरलं होतं. वहिनी अंगणात, छातीला हात लावून, डोळ्यांतून पाणी. मुलगी चुलीपुढं. घरधनी आम्हाला बघून म्हणाले, "या. तुमची सरकारी चूल बघा. पंधरा दिवस चांगली नांदली." मग आवाज उतरवून म्हणाले, "र्‍हाऊ द्या आता लातूर. उगं पोरीला आशा लावली."

मुलीनं मान वर केली नाही. मला अजून तिची ती पाठ आठवते, ताठ, तुराट्या मोडणारे हात जरा जास्तच जोरात चाललेले.

आक्कानं कोपर सोडवून जमिनीवर आपटलं. मूठ-दोन मूठ काजळी पडली. आत बोट जाईना एवढं भरलेलं.

"साफ केला न्हाई व्हय पाईप?"

"साफ करायचा असतो?" वहिनीनं विचारलं.

मी आक्काकडे पाहिलं. आक्कानं हाताची काजळी लुगड्याला पुसली. मग म्हणाली, "मॅडम, खरं सांगू का? शिकवताना सांगितलं असंल. पन मी इतक्या चुली बांधल्या, त्यातली एक बी इतके दिवस पेटलेली मी बघितली न्हाई. पाईप तुंबलेला मी आज बघायलेय."

मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली. कारण मीही बघितला नव्हता. तपासणी करणारी मी, बांधणारी ती, आणि दोघींनाही चालू चूल माहीत नव्हती.

आता प्रश्न असा होता की साफ कोण करणार. टोपी काढून वरून दोरी सोडायची तर शेडवर चढावं लागे. मुलगी चढली असती, पण ती नसणार हाच तर मुद्दा. सगळ्यांनी घरधन्यांकडे पाहिलं.

"मी? पत्र्यावर चढून चुलीची काजळी काढू? गाव काय मनंल?"

"गाव मनंल, बायकोवर जीव हाय," आक्का म्हणाली.

ते लाजले, हसले, आणि "एखादवेळी करीन," म्हणाले. मी वहीत लिहिलं: एखादवेळी, भरवशाचं नाही. वहिनीच्या श्वासाचं काम असं एखादवेळीवर टाकता येणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी कोपर घेऊन चाचांकडे गेले. त्यांनी कोपराच्या खालच्या अंगाला पेटीसारखं एक छोटं झाकण बसवलं, कडी लावून. झाकण उघडायचं, काठीला गोणपाट गुंडाळून वर सारायचं, काजळी खालच्या घमेल्यात. कमरेच्या उंचीवर, वर चढायचं काम नाही. वार ठरला शनिवार.

महिना पुन्हा पहिल्यापासून धरायचा, असं घरधन्यांनीच म्हटलं. त्या महिन्यात मी मुद्दाम गेले नाही. मी गेले की सगळेच चांगलं वागतात. तिसऱ्या आठवड्यात ड्रायव्हरनं लातूरला माझ्या खोलीवर फडक्यात बांधलेल्या भाकरी आणून दिल्या, बरोबर शेंगदाण्याची चटणी. "वहिनींनी सांगितलंय, एकटीनं केल्यात, वास घेऊन बघा." वहीत नोंद आहे: भाकरी सात. धुराचा वास नाही. एक जरा करपलेली.

जूनमध्ये मुलगी लातूरला गेली. पेटी चाचांकडची.

त्याच सुमारास मी माझा अहवाल वरिष्ठ साहेबांपुढं ठेवला. आधीच्या तक्त्यांवर टीप लिहिली होती, की या चुली वापरात नाहीत आणि त्या शेडमध्ये हलवल्या तर वापरल्या जातील. साहेब माणूस म्हणून चांगले, पण फाइलीत अडकलेले.

"मॅडम, योजना स्वयंपाकघराची आहे. शेड म्हणजे स्वयंपाकघर नाही."

"सर, भाकरी जिथं होते ते स्वयंपाकघर."

"घर कायमचं, शेड तात्पुरतं. तात्पुरत्या जागेत कायमची चूल मंजूर कशी करू?" मग त्यांनी चष्मा काढला. "खरंच चालते का हो ती चूल?"

मी त्यांना उदबत्तीचं पान दाखवलं. त्यांनी ते पूर्ण वाचलं, कोपराच्या झाकणाचं चित्रसुद्धा कागदावर काढून घेतलं. "हुशार आहे पोरगी. हे एक घर विशेष बाब म्हणून लिहा. पण मॅडम, विशेष बाबींची यादी करू नका."

पोळ्यानंतर मला ती मुलगी लातूरला भेटली, क्लासच्या गल्लीत. पाठीला सॅक, हातात पेरूची कागदी पुडी. बोलणं बदललं नव्हतं. आईचं विचारलं तर म्हणाली, "खोकला कमी झालाय, गेला न्हाई. पण भाकरी ती करतीय. झाकण दर शनिवारी उघडतीय. बाबांना जवळ येऊ देत न्हाई, म्हणती तुम्ही वाकडं करताल."

"आणि इथं? जमतंय का?"

"फिजिक्स अवघड जातंय. जमंल." मग सॅकमधून तिनं वहीचं पान काढलं. सणाला घरी गेली होती तेव्हा शेजारच्या बायका आल्या होत्या, आमची पण चूल भाईर घ्या म्हणत. तिनं घरोघर जाऊन लिहून आणलं होतं: ओळ कितवी, घर कितवं, खोकणारं कोण, शेड कुठल्या बाजूनं बंद, दुपारचा वारा कुठून. अकरा घरं. शेवटचा रकाना आखून कोरा सोडलेला, त्यावर लिहिलेलं: चूल हलवली.

"तुम्हीच करणार ना, ताई?" ती म्हणाली. मी हो म्हटलं.

त्याच आठवड्यात मला कंधारला परत बोलावलं. यादीची एक प्रत मी साहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी तिच्यावर काचेचा पेपरवेट ठेवला. आक्काला निरोप धाडला, पण पाईप मंजूर झाल्याशिवाय ती एकटी काय करणार. मग लग्न, बदल्या, नांदेड. ती योजना बंद झाली, पुढं घरोघर गॅस आले आणि मी मनातल्या मनात त्या कामावर रेघ ओढली. मुलीची बारावी लातूरलाच झाली, एवढं कळलं होतं.

गेल्या महिन्यात आक्काच्या सुनेचा फोन नंबर मिळाला. आक्का फोनवर आली. कान कमी झालेत, बाकी तशीच. मी विचारलं, आता तर सगळ्यांकडे गॅस असेल. "हाय की," ती म्हणाली. "चहा गॅसवर. भाकरी आन् अंघोळीचं पानी अजून शेडातच. गॅसवरची भाकरी आवडत न्हाई मनत्यात." मग म्हणाली, "ती पोरीची यादी हाय का तुमच्याकडं?"

आहे. आता समोर ठेवून लिहितेय. पहिली ओळ, दुसरं घर: सासू खोकते, शेड उत्तरेला उघडं, दुपारी वारा मावळतीचा. खाली आणखी दहा घरं आहेत. शेवटचा रकाना अकराही घरांपुढं कोरा आहे.